दुष्काळाने निवडलेले बियाणे

टेंभुर्णीहून सोलापूरच्या दिशेने निघाले की मोडनिंब मागे पडल्यावर मोहोळ येते. पुणे-सोलापूर महामार्गावरून रोज हजारो गाड्या या गावावरून जातात, पण ज्वारीची भाकरी खाणाऱ्या महाराष्ट्राचे मोहोळशी काय नाते आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘मालदांडी ३५-१’ हे रब्बी ज्वारीचे वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाले. तयार झाले म्हणण्यापेक्षा निवडले गेले म्हणणे बरोबर ठरेल, कारण त्यासाठी कसलाही संकर केलेला नव्हता. या भागातले शेतकरी पिढ्यानपिढ्या जी मालदांडी पेरत आले होते, तिच्यातलीच सरस ताटे वेचून त्यांचे बी वेगळे वाढवले आणि हे वाण हाती आले. पुढे कितीतरी संकरित आणि सुधारित वाणे आली. पण कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातून मालदांडीला कोणी पुरते हटवू शकले नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच मालदांडीला. चार्ल्स डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत समजून घ्यायला मला हे वाण गॅलापागोस बेटांपेक्षा अधिक सोयीचे वाटते. बियाणे राखणाऱ्या माणसाला जे मुळातच माहीत होते, त्याचा शेवटपर्यंत केलेला विचार म्हणजे हा सिद्धांत. आणि तो आजवर टिकला तो कोणाच्या मोठेपणामुळे नव्हे. त्याच्यावर घेतलेल्या एकेका कठीण आक्षेपाला पुराव्याने उत्तर मिळत गेले, म्हणून टिकला.

माढा, मोहोळ, मंगळवेढा या भागात रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्यानंतर पाऊस आला तर आला. एरवी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक काढायचे असते. रोप कोवळे असताना खोडमाशी पोंगा मारते. कणीस भरण्याच्या वेळी ओल आटली की खडखड्या रोगाने ताटे आतून पोकळ होऊन कोलमडतात. अशा रानात एकाच वाणाची म्हणून पेरलेली ताटेही सारखी नसतात. एखाद्याचे मूळ थोडे खोल जाते, एखादे चार दिवस लवकर निसवते, एखाद्याच्या कोवळ्या पानावर अशी चकाकी आणि बारीक लव असते की तिथे अंडी घालायला खोडमाशी नाखूश असते. मळणीच्या आधी शेतकरी रानातून फिरून टपोरी, भरदार कणसे बियाण्यासाठी बाजूला काढतो. ही झाली माणसाने केलेली निवड. पण त्याच्या हाती कणीस येण्याच्या आधीच एक निवड होऊन गेलेली असते. ज्या ताटाला ओल पुरली नाही, जे खोडमाशीने मारले, ते बियाण्याच्या ढिगापर्यंत पोचतच नाही. सोलापूरच्या कमी पावसाने शेकडो वर्षे या ज्वारीत अशी काटछाट केली. त्या काटछाटीमागे कोणाचा हेतू नव्हता, कोणाची योजना नव्हती. मोहोळच्या संशोधकांनी हाती घेतलेल्या मालदांडीत जो काटकपणा होता, त्यातला मोठा वाटा कोणीही जाणूनबुजून घडवलेला नव्हता.

ज्वारीचा आणखी मागचा इतिहासही हेच सांगतो. ती मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या ज्वारीच्या खुणा सापडल्या आहेत आणि त्यांत रानटी ज्वारीचे लागवडीच्या ज्वारीत रूपांतर होताना दिसते. रानटी ज्वारीचे दाणे पिकले की आपोआप गळून जमिनीवर पडतात, तिच्या पसाऱ्यासाठी ते गरजेचेच असते. माणूस कणसे कापून घरी नेऊ लागला तेव्हा गळून गेलेले दाणे रानातच राहिले आणि कणसाला घट्ट चिकटून राहिलेले दाणे घरी आले. पुढच्या वर्षी पेरणीला तेच. ‘न गळणारी ज्वारी तयार करू या’ असे कोणी ठरवलेले नव्हते. कापणीच्या रीतीनेच ती तयार झाली. डार्विनने या प्रकाराला अजाणता होणारी निवड म्हटले आणि त्याच्या साऱ्या युक्तिवादातला हा पूल फार महत्त्वाचा आहे. पुलाच्या अलीकडे डोळे उघडे ठेवून निवडणारा माणूस, मध्ये नकळत निवडणारा माणूस आणि पलीकडे माणूसच नाही, फक्त परिस्थिती. तिन्ही ठिकाणी यंत्रणा तीच: सजीवांमध्ये आपापसांत फरक असतात, ते फरक बऱ्याच अंशी पिल्लांत, रोपांत उतरतात आणि काही फरकांमुळे जगण्याची व वंश वाढण्याची शक्यता वाढते. इतके असले की पिढ्यांगणिक बदल होणारच, तो होऊ नये म्हटले तरी थांबवता येत नाही.

डार्विनचा १८५९ सालचा ग्रंथ उघडला तर त्याची सुरुवात बेटांपासून किंवा जीवाश्मांपासून होत नाही, पाळीव प्राणी आणि लागवडीची पिके यांच्यापासून होते. त्याने १८५५ पासून घरी कबुतरे पाळली, कबुतरबाजांच्या मंडळांत बसून त्यांचे बोलणे ऐकले. छाती फुगवणारे, शेपटीचा पंखा करणारे, हवेत कोलांट्या घेणारे असे कबुतरांचे प्रकार इतके वेगळे दिसतात की पक्षिशास्त्रज्ञाला ते रानात सापडले असते तर त्याने त्यांना निरनिराळ्या जाती ठरवले असते. तरी ते सगळे एकाच रानपारव्याचे वंशज आहेत हे डार्विनने सांगाड्यांची मापे घेऊन आणि संकर करून दाखवले. या कामासाठी त्याला जगभरातून कातडी हवी होती, आणि इथे आपल्या भागाचा एक धागा येतो. वॉल्टर इलियट हा कंपनी सरकारचा अधिकारी धारवाडकडे, तेव्हाच्या दक्षिण मराठा मुलखात, अनेक वर्षे होता. तिथल्या सस्तन प्राण्यांची त्याने केलेली यादी १८३९-४० च्या सुमारास मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डार्विनने १८५६ मध्ये त्याला पत्र लिहून कबुतरे-कोंबड्यांची कातडी मागवली. इलियटने ती पाठवली आणि डार्विनने ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्याचे नाव घेऊन आभार मानले. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजारांहून कमी कबुतरे कधी नसत, हा उल्लेखही त्याच प्रकरणात आहे. हा सिद्धांत पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादला असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्याच्या पुराव्यात भारतातल्या नावही न उरलेल्या पशुपक्षी पाळणाऱ्यांच्या पिढ्यांचे श्रम आहेत.

पण निवड करणारा माणूस नसेल तर निवड कशाने होणार, हे कोडे डार्विनला १८३८ च्या सप्टेंबरात थॉमस माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना सुटले. जगू शकतील त्याहून कितीतरी जास्त जीव जन्माला येतात, ही त्यातली कळीची गोष्ट. आपल्या ज्वारीवरच हिशेब करून पाहावा. एका कणसाला हजार दाणे धरले, दरसाल एकच पीक धरले आणि प्रत्येक दाणा रुजून त्याला तसेच कणीस आले असे मानले, तर एका दाण्याचे चौथ्या वर्षाअखेर एक लाख कोटी दाणे होतात. हेक्टरी १ लाख ३५ हजार ताटे या शिफारशीने ते पाचव्या वर्षी पेरायचे म्हटले तर महाराष्ट्राची जवळपास पाव जमीन लागेल आणि सहाव्या वर्षी पृथ्वीवरच्या एकूण जमिनीतली जवळजवळ निम्मी. असे घडत नाही याचाच अर्थ असा की बहुतेक दाण्यांचे रोपच होत नाही आणि झाले तरी त्यातले फार थोडे पुढच्या पिढीपर्यंत पोचतात. कोण पोचणार हे पुष्कळदा नशिबावर ठरते, पण सर्वस्वी नशिबावर ठरत नाही. त्या ‘सर्वस्वी नाही’मध्येच नैसर्गिक निवड बसलेली आहे.

माल्थसचा विषय निघालाच आहे तर इंदापूरची आठवण टाळता येत नाही. माल्थस इंग्लंडात हेलिबरी येथे, कंपनीच्या अधिकाऱ्यांना घडवणाऱ्या महाविद्यालयात शिकवत असे. त्याचाच विद्यार्थी आर. के. प्रिंगल दख्खनमध्ये आला आणि १८२०च्या दशकात त्याने पुणे जिल्ह्यात जमीन महसुलाची मोजणी केली. गुरूकडून शिकलेला खंडाचा सिद्धांत त्याने भीमाकाठच्या रानांना लावला. आकारणी इतकी जड झाली की टेंभुर्णीच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले आणि १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांना तिथूनच नवी मोजणी सुरू करावी लागली. एकाच गुरूच्या विचारातून एकीकडे सरकारी हुकूम निघाला आणि दुसरीकडे एक प्रश्न. प्रिंगलने सिद्धांत हाती घेऊन रानाला त्यात बसवले. डार्विनने सिद्धांत हाती आल्यावर वीस वर्षे रानात काय दिसते ते तपासण्यात घालवली, त्यातली आठ तर समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नकल या क्षुद्र जीवांवर. विज्ञान कशाला म्हणावे याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तेवढ्यात दुसरा एकजण त्याच ठिकाणी पोचला. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा नमुने गोळा करून विकणारा, घरची गरिबी असलेला इंग्रज आजच्या इंडोनेशियात फिरत होता. त्याचा १८५५ सालचा लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड ब्लाइथ याच्या नजरेत भरला आणि त्याने डार्विनला पत्राने त्याकडे लक्ष द्यायला सांगितले. डार्विनने ते पुरेसे मनावर घेतले नाही. १८५८ च्या फेब्रुवारीत हिवतापाने फणफणलेल्या वॉलेसला माल्थसचीच आठवण होऊन तीच कल्पना सुचली. त्याने लिहिलेला निबंध जूनमध्ये डार्विनच्या हाती पडला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. ब्लाइथची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. त्याने १८३५ ते १८३७ या काळात लिहिलेल्या लेखांत दुबळे प्राणी मागे पडतात, सशक्त वंश चालवतात हे मांडले होते. मग सिद्धांत त्याचा का नाही? कारण त्याच्या मते ही छाननी जातीला मूळ साच्यात टिकवून धरते, वेडेवाकडे निघालेले काढून टाकते. साचाच बदलू शकतो, काढून टाकणारी हीच प्रक्रिया पुरेसा काळ चालली तर नवे काही घडवू शकते, हे पाऊल त्याने टाकले नाही. निरीक्षण तिघांचेही होते. त्याचा शेवट कुठे जातो हे डार्विन आणि वॉलेस यांनी पाहिले.

ग्रंथ आला आणि आक्षेप सुरू झाले. धर्ममार्तंडांच्या आरडाओरड्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला शास्त्रज्ञांचे आक्षेप जास्त मोलाचे वाटतात. फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने १८६७ मध्ये विचारले: आई-बापांचे गुण मुलात मिसळून मध्यम होत असतील, तर हजारात एखाद्याला लाभलेला चांगला गुण दोन-चार पिढ्यांत पातळ होऊन जाईल, मग निवडीला धरायला उरते काय? आक्षेप बिनतोड होता आणि डार्विनकडे त्याला पुरते उत्तर नव्हते. उत्तर त्याच काळात छापलेले होते. ब्रनच्या मठातल्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्येच दाखवले होते की गुण मिसळत नाहीत. उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकरातून पहिली पिढी सगळी उंच निघते; पण दुसऱ्या पिढीत चारातला एक पुन्हा अस्सल बुटका निघतो. बुटकेपणा विरघळला नव्हता, नुसता दडला होता. मेंडेलचे काम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले तेव्हा गंमत अशी झाली की प्रारंभी अनेकांना ते डार्विनच्या विरोधातले वाटले. रोनाल्ड फिशर, सीवॉल राइट आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत गणित मांडून सिद्ध केले की मेंडेलची आनुवंशिकता असेल तरच नैसर्गिक निवड नीट चालते. एखाद्या गुणाचा अगदी थोडा फायदाही काही शेकडो पिढ्यांत साऱ्या समूहात पसरू शकतो. यातला हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

दुसरा आक्षेप काळाचा होता आणि त्याचे उत्तर टेंभुर्णीच्या जमिनीखालीच पडलेले आहे. लॉर्ड केल्विन हा त्या काळचा सर्वांत वजनदार भौतिकशास्त्रज्ञ. तप्त गोळा थंड व्हायला किती काळ लागेल असे गणित करत तो पृथ्वीचे वय खाली खाली आणत गेला आणि अखेरीस २ ते ४ कोटी वर्षांवर येऊन थांबला. एवढ्या थोड्या काळात संथ निवडीने सारी जीवसृष्टी घडणे अशक्य दिसत होते. डार्विनने पहिल्या आवृत्तीत इंग्लंडातल्या एका खोऱ्याची झीज व्हायला ३० कोटी वर्षे लागली असावीत असा अंदाज दिला होता, तो त्याने पुढे काढून टाकला. केल्विनचा आकडा त्याला शेवटपर्यंत टोचत राहिला. नंतर किरणोत्सर्गाचा शोध लागला, खडकांचे वय मोजण्याची पद्धत मिळाली आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता कशी वाहते याबद्दलचे केल्विनचे गृहीतच अपुरे होते हेही कळले. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरले आहे. आणि ज्या काळ्या पाषाणावर अख्खा सोलापूर जिल्हा बसला आहे, ज्याची झीज होऊन मालदांडीची काळी कसदार माती तयार झाली, तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. केल्विनने साऱ्या पृथ्वीला दिलेल्या आयुष्यापेक्षा आपल्या विहिरीच्या तळाचा दगड जुना आहे!

तिसरा आक्षेप आजही ऐकू येतो: निवड फक्त असलेल्यातून वेचते, मग नवे येते कुठून? आणि हे सगळे घडताना कोणी पाहिले आहे का? दोन्ही प्रश्नांना महाराष्ट्राच्या कपाशीने उत्तर दिले आहे, आणि त्याची किंमत आपल्या शेतकऱ्यांनी मोजली आहे. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. या कपाशीत एका जिवाणूचे विषारी प्रथिन तयार होते. बोंडअळीने ती खाल्ली की ते प्रथिन तिच्या आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते. गुलाबी बोंडअळ्यांच्या कोट्यवधींच्या समूहात मात्र काही अळ्या अशा असतात की जनुकाची नक्कल होताना चूक होऊन त्यांचे कॅडहेरिन थोडे वेगळे झालेले असते आणि विष त्याला धड चिकटत नाही. साध्या कपाशीवर या वेगळेपणाचा काही उपयोग नव्हता. बीटी कपाशीवर तोच जीव वाचवणारा ठरला. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आपसांत वाढल्या. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या पिढीची बीटी कपाशी पचवणारी गुलाबी बोंडअळी सापडली. तोवर दोन जनुकांचे बियाणे बाजारात आले होते. तेही काही वर्षांत निष्प्रभ झाले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे पोखरली गेली. शास्त्रज्ञांनी भारतीय अळ्यांचे कॅडहेरिन तपासले तेव्हा त्यात एकाच नव्हे, अनेक वेगवेगळ्या प्रकारचे बिघाड सापडले. एकच अडचण निसर्गाने अनेक वाटांनी सोडवली होती. यात कोणत्याही अळीने प्रयत्न केला नाही, ‘सवय’ करून घेतली नाही. औषधाची अळीला सवय झाली असे आपण बोलतो, ते चूक आहे. ज्यांना विष लागत नव्हते त्यांचीच प्रजा रानात उरली.

या प्रकरणात सिद्धांताची खरी परीक्षाही झाली, कारण असे घडेल हे आधीच सांगून ठेवलेले होते. बीटी बियाण्याबरोबर साध्या कपाशीचे वेगळे पाकीट मिळत असे आणि ते रानाच्या कडेने पेरावे अशी शिफारस होती. साध्या कपाशीवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा मूठभर तगड्या पतंगांशी संकर व्हावा आणि विष पचवण्याचा गुण मेंडेलच्या बुटकेपणासारखा दडून राहावा, असा तो हिशेब. जेंकिनच्या आक्षेपाचे उत्तर इथे थेट शेतीच्या सल्ल्यात उतरले होते. आपल्याकडे ते पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकले. ते कशासाठी पेरायचे हे कोणी समजावून सांगितलेच नव्हते. अळीसाठी मुद्दाम खाऊ पेरा, असे सांगितले तर कोणता शेतकरी ऐकेल? अमेरिकेच्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी हा नियम पाळला, तिथे गुलाबी बोंडअळी अनेक वर्षे बीटी कपाशीपुढे हतबल राहिली. उत्क्रांती हा पुस्तकी विषय आहे असे मानणाऱ्यांनी या दोन मुलखांची तुलना करावी.

सोलापूरच्या डाळिंबाने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. भगवा डाळिंबाची रोपे गुटी कलमाने होतात; म्हणजे बागेतली सगळी झाडे जनुकांच्या हिशेबाने एकच झाड असते. बाजाराला एकसारखे फळ मिळते ते यामुळेच. पण जिथे फरकच नाहीत तिथे निवडीला जागा उरत नाही. तेल्या रोगाचा जिवाणू एका झाडाला भारी पडला की तो साऱ्या बागेला भारी पडतो, कारण वेगळ्या घडणीचे, तग धरणारे झाड त्या बागेत असण्याची शक्यताच आपण काढून टाकलेली असते. जिवाणू मात्र दिवसागणिक पिढ्या वाढवत, बदलत राहतो. करमाळा-टेंभुर्णी भागातल्या टिश्यू कल्चर केळीलाही हाच न्याय लागू आहे. जुनी, गावठी, बियांपासून आलेली वाणे राखण्याचा आग्रह शास्त्रज्ञ धरतात तो हौसेने धरत नाहीत.

‘पण अळी शेवटी अळीच राहिली ना?’ असा पुढचा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. पंधरा वर्षांत अळीची अळीच राहणार. कोट्यवधी वर्षांत काय होते हे पाहायला आपण हजर नसतो, म्हणून ते कळतच नाही असे मात्र नाही. खून होताना कोणी पाहिला नसला तरी पंचनाम्यावरून गुन्हा शाबीत होतो, आणि उत्क्रांतीचा पंचनामा भारतीय उपखंडात फार चांगला झालेला आहे. देवमासा हा जमिनीवरच्या खुरवाल्या प्राण्यांचा वंशज असावा असे शरीररचनेवरून वाटत होते. कच्छमध्ये आणि पाकिस्तानात पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म सापडले. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवलेल्या दगडांतून सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा एक लहान खुरवाला प्राणी निघाला. त्याच्या कानाचे हाड नेमके देवमाशासारखे जाड आहे. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाबद्दलही पुरावा असाच अंगात लिहिलेला आहे. चिंपांझी, गोरिला यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. पूर्वज एकच असतील तर एक जोडी गेली कुठे? ती गेलेली नाही. माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र म्हणजे टोकाला टोक जुळलेली दोन गुणसूत्रे आहेत, आणि एरवी फक्त गुणसूत्राच्या टोकाला सापडणारी खूण त्याच्या मधोमध सापडते. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहिलेले नाही म्हणून डार्विन चुकीचा, असे विधान केले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडले. आजच्या माकडाचा माणूस झाला असे डार्विनने म्हटलेलेच नाही. दोघांचा पूर्वज एक होता, असे त्याचे म्हणणे आहे. चुलत भावाला आपण बाप म्हणत नाही.

एक आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: बलवानाने टिकावे, दुबळ्याने मरावे, हे या सिद्धांताने पवित्र करून ठेवले. तसा वापर झाला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण निसर्गात काय घडते हे सांगणे वेगळे आणि माणसाने काय करावे हे सांगणे वेगळे. खडखड्याने ज्वारी मरते हे कळले म्हणून ती मरू द्यावी असे कोणी म्हणत नाही, उलट कळल्यामुळेच उपाय करता येतो. शिवाय निसर्गात टिकतो तो बलवानच असतो हेही खरे नाही. गॅलापागोसच्या डॅफ्ने बेटावर १९७७ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य तिथल्या फिंच पक्ष्यांची मापे घेत होते. शंभरातले पंधराच्या आसपास पक्षी उरले. मोठे, टणक बी फोडू शकणारी जाड चोच त्यांना कामी आली. काही वर्षांनी पाऊस भरपूर झाला, बारीक बियांचे पीक आले आणि तेव्हा लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. योग्यता ही त्या त्या वेळच्या परिस्थितीपुरती असते, ती कुणाची कायमची पदवी नसते. माणसामाणसांत वरचे-खालचे लावायला या सिद्धांताचा आधार घेणाऱ्यांना तो समजलेलाच नाही.

केंद्रीय अभ्यासक्रमात दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचे प्रकरण वगळले गेले तेव्हा, २०२३ मध्ये, देशभरातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. महाराष्ट्राच्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, ही आपल्या राज्याच्या जमेची बाजू. टेंभुर्णी, माढा, मोहोळच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की हा धडा फळ्यावर उरकू नये. जानेवारीत ज्वारी हुरड्यात असते तेव्हा वर्ग मालदांडीच्या रानात न्यावा, शेजारशेजारची दहा ताटे मोजायला लावावीत, कोणती बियाण्याला ठेवाल आणि का, हे मुलांना विचारावे, आणि मग डार्विनचे नाव सांगावे.